सालींचा मुरंबा, पॅरिस, १३९३

रसग्रहण कवितेचं करतात, फार तर कथेचं. मी एका पाककृतीचं करणार आहे. संत्र्याच्या साली मधात शिजवून मुरवायच्या, एवढाच तिचा विषय. ती पॅरिसमध्ये १३९३ च्या सुमाराला लिहिली गेली. आपल्याकडे ज्ञानेश्वरी सांगून तेव्हा शंभर वर्षं होऊन गेली होती. लिहिणाऱ्याचं नाव कुणालाही ठाऊक नाही. मूळ फ्रेंच मजकूर पावणेदोनशे शब्दांच्या आत संपतो. गेल्या दोन हिवाळ्यांत मी तो इतक्या वेळा वाचला आणि त्याबरहुकूम इतक्या साली भिजवल्या, की त्यातला कोणता शब्द कुठे बसला आहे आणि तिथेच का बसला आहे, हे आता कुणाला तरी सांगावंसं वाटतं.

पुस्तकाचं नाव 'ल मेनाजिए द पारी'. पॅरिसचा गृहस्थ, असा त्याचा ढोबळ अर्थ. उतारवयाला लागलेल्या एका सधन नागरिकाने ते आपल्या पंधरा वर्षांच्या बायकोसाठी लिहिलं. मुलगी अनाथ, परप्रांतातून आलेली, कुळाने त्याच्यापेक्षा वरची. लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात तिने त्याला विनवलं, की माझं काही चुकलं तर परक्या माणसांसमोर किंवा नोकरांसमोर बोलू नका, रात्री आपल्या खोलीत सांगा. त्या विनवणीला उत्तर म्हणून हे पुस्तक झालं. ते लिहिण्यामागचं आणखी एक कारण तो आडपडदा न ठेवता सांगतो: तो तिच्याआधी जाणार आहे, ती बहुधा दुसरं लग्न करील, आणि त्या दुसऱ्या घरात ती नीट वागली, नीट संसार केला, तर त्यात त्याचाही मान राहील. आपल्या मागे बायको दुसऱ्याच्या घरी नांदेल हे धरून तिच्यासाठी पुस्तक लिहिणारा नवरा मला तरी दुसरा ठाऊक नाही.

सगळं पुस्तक आवडावं असं नाही. पहिल्या भागात नवऱ्याच्या आज्ञेत राहण्याचे धडे आहेत, नवऱ्याचा छळ निमूट सोसणाऱ्या ग्रिसेल्डाची गोष्ट आहे, कुत्र्याने धन्याशी राखावी तशी निष्ठा बायकोने राखावी असे दाखले आहेत. ती पानं मला वाचवत नाहीत आणि त्यांचं समर्थन करण्याची माझी इच्छाही नाही. मात्र पुढे बाग येते, पिसवा घालवण्याचे उपाय येतात, बाजार येतो, स्वयंपाक येतो; आणि तिथे आवाज बदलतो. हुकूम सोडणारा माणूस मागे राहतो आणि हाताला धरून दाखवणारा पुढे येतो. पुस्तकाची हस्तलिखितं पंधराव्या शतकातली आहेत. जेरोम पिशों यांनी १८४६ मध्ये ते पहिल्यांदा छापलं आणि आयलीन पॉवर या इतिहासकार बाईंनी १९२८ मध्ये त्याचा बराचसा भाग इंग्रजीत आणला. सालींची कृती अगदी शेवटाकडे, जिथे स्वतंत्र प्रकरण करण्याइतक्या मोठ्या नसलेल्या किरकोळ गोष्टी त्याने एकत्र केल्या आहेत, तिथे आहे.

कृती माझ्या शब्दांत अशी. संत्र्याच्या सालीचे पाच भाग करायचे. आतला पांढरा मऊ थर सुरीने खरवडून टाकायचा. साली चांगल्या गोड्या पाण्यात नऊ दिवस भिजत ठेवायच्या आणि पाणी रोज बदलायचं. मग गोड्या पाण्यातच एक उकळी काढायची, कापडावर पसरून अगदी कोरड्या होऊ द्यायच्या. भांड्यात घालून वर बुडतील इतका मध ओतायचा, मंद आचेवर उकळायचा, मळी काढायची. मध झाला असं वाटलं की वाटीभर पाण्यात त्याचा थेंब टाकून पाहायचा: पसरला तर झाला नाही, न पसरता तसाच राहिला तर झाला. मग साली काढून त्यांचा एक थर लावायचा, वर सुंठपूड भुरभुरायची, पुन्हा थर, पुन्हा सुंठ, असं संपेपर्यंत. महिनाभर किंवा जास्त ठेवायचं. मग खायचं.

सुरुवातीलाच एक गंमतीचा शब्द आहे. सालीच्या भागांना तो 'कार्तिए' म्हणतो, म्हणजे मुळात चौथा हिस्सा. आणि सांगतो पाच करायला. मला आपली चतकोर भाकरी आठवली. ताटात चतकोर वाढताना भाकरीचे मोजून चार तुकडे कोण करतं? शब्द हिशेबातून निघाला आणि हाताच्या सवयीत जाऊन बसला. स्वयंपाकघरातले शब्द असेच झिजून गुळगुळीत होतात. पांढऱ्या थराला त्याने 'मूस' म्हटलं आहे. जुन्या फ्रेंचमध्ये या शब्दाला शेवाळ आणि फेस, दोन्ही अर्थ आहेत. सालीच्या आतून बोट फिरवून पाहा, त्याला हेच नाव का सुचलं ते कळेल. तो थर दिसतो पांढरा, पण नाव त्याला स्पर्शावरून मिळालं आहे.

आणि गोडं पाणी! जे खारट नाही ते पाणी गोडं, हा कोकणातल्या विहिरीपासूनचा आपला शब्द. फ्रेंचमध्येही तो तसाच आहे. कडू सालीसाठी, जिच्यातला कडवटपणा नऊ दिवस झटून काढायचा आहे तिच्यासाठी, पहिलं आणि दुसरं दोन्ही पाणी गोडं हवं असं तो बजावतो. मधाची गोडी पुढे यायची आहे. त्याआधी पाण्याची ही गोडी येऊन जाते आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते.

कारण हे संत्रं आपलं नागपुरी संत्रं नव्हे. गोड संत्रं युरोपात रुजलं ते पुढे, पंधराव्या-सोळाव्या शतकात. या नवऱ्याच्या घरी येत होतं ते कडू नारिंग, अरबांनी सिसिलीत आणि स्पेनमध्ये नेऊन लावलेलं. रस आंबट, साल जाड आणि जहाल कडू. दक्षिणेकडून लांबचा प्रवास करून येणारं हे फळ पॅरिसमध्ये स्वस्त असणं शक्यच नव्हतं. त्याच पुस्तकात मे महिन्यातल्या एका लग्नाच्या जेवणाचा सगळा हिशेब मांडला आहे. जेवणानंतर पाहुण्यांपुढे ठेवायच्या जिनसा त्यात आहेत; आपल्याकडे विडा, बडीशेप येते ती जागा. त्या यादीत नारिंगाच्या पाकवलेल्या साली एक पौंड, दहा सू. लिंबाच्या कुळातल्या मोठ्या फळाच्या एक पौंड, बारा सू. म्हणजे ही चीज मसालेवाल्याच्या दुकानात तयार मिळत होती. ती घरी करायला शिकवणं हे घराचे पैसे वाचवायला शिकवणं होतं. रस मटणावर पिळून झाल्यावर जे हातात उरतं त्याचंच हे पक्वान्न.

आता नऊ दिवस. आजच्या पाककृतींत हा भाग जवळजवळ गेलाच आहे. आज सांगतात, साली तीनदा उकळा, दर वेळी पाणी ओतून द्या, मग साखरेच्या पाकात तासभर शिजवा. दुपारी सुरू केलं तर संध्याकाळी साली सुकत पडलेल्या असतात. मी दोन्ही रीतींनी करून पाहिलं आहे. सालीचा कडूपणा मुख्यतः नारिंजिन नावाच्या द्रव्याचा, आणि या द्रव्याच्या नावातही आपलं नारंग आहे. ते बरंचसं त्या पांढऱ्या थरात असतं आणि पाण्यात सावकाश उतरतं. सालीचा सुगंध मात्र दुसरीकडे राहतो. बाहेरच्या केशरी कातडीत सुईच्या टोकाएवढ्या पिशव्या असतात, त्यांत तेल असतं. तेल पाण्यात विरघळत नाही. पण उकळत्या पाण्याच्या वाफेबरोबर ते उडून जातं. तीनदा उकळलं की स्वयंपाकघर घमघमतं, शेजारीण विचारते काय करताय, आणि तेवढाच वास सालीतून कायमचा गेलेला असतो. गार पाण्याचे नऊ दिवस कडूपणा नेतात आणि तेल जागच्या जागी ठेवतात. नंतरची उकळीही तो एकच सांगतो. त्याचा शब्द आहे लाट: पाण्यावर एक लाट येईपर्यंत. साल मऊ व्हावी, तिच्या पेशींनी मध आत घ्यावा, एवढ्यापुरती ती लाट. नारिंजिन हे नाव त्याने ऐकलेलं नव्हतं. पण काय जायला हवं आणि काय राहायला हवं, हे त्याने किंवा त्याच्याआधीच्या कुणीतरी जिभेने आणि नाकाने नेमकं ठरवलं होतं. दोन्ही रीतींच्या साली शेजारी ठेवून खाल्ल्या तर माझा कौल निःसंशय नऊ दिवसांच्या बाजूने आहे.

माझी पहिली खेप मात्र फुकट गेली. चौथ्या दिवशी गावाला जावं लागलं, पाणी बदलायचं राहिलं. परतले तर पाण्यावर बारीक बुडबुडे आणि आंबूस वास. साली बोटाला बुळबुळीत लागत होत्या. सगळं फेकलं. पॅरिसच्या थंडीत जे एकदा पाणी बदलून चालतं ते ठाण्याच्या हवेत दोनदा करावं लागतं, किंवा भांडं फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. त्या दिवशी मला कृतीतला तो छोटासा शब्द, 'रोज', पहिल्यांदा नीट वाचता आला. मूळ वाक्यात तो नऊ दिवसांच्या लगोलग येतो. नऊ हा आकडा वाट पाहायला सांगतो. 'रोज' हा शब्द उठून भांड्यापाशी जायला सांगतो. नुसती वाट पाहिली असती तर कुजलं असतं, तसं माझ्याकडे कुजलंच.

पुढच्या खेपेला मी दर दिवसाची चव टिपत गेले. पहिल्या दिवशीचं पाणी फिकट पिवळं, जिभेला लावलं तर घसा आवळणारं. तिसऱ्या दिवशी पिवळेपणा कमी, कडू तेवढंच. पाचव्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की या पाण्यात काही गोडसर आहे. अर्थात नव्हतं, कडू कमी झालं होतं. आठव्या दिवशी पाणी पाण्यासारखं. साल उजेडापुढे धरली तर कडेने किंचित पारदर्शक दिसायला लागली होती. नागपुरी संत्र्याची साल पातळ, पांढरा थर नावापुरता, सुरीने खरवडायला गेलं तर फाटते. तिथे चमच्याची कड बरी. तिचा कडूपणा पाच-सहा दिवसांत जातो. या कृतीच्या खरोखर जवळचं फळ हवं असेल तर आपल्याकडे पपनस आहे. गणपतीच्या दिवसांत बाजारात येतं, साल बोटभर जाड. त्याला नऊ दिवस पुरेपूर लागतात आणि सुरीही लागते.

कापडावर साली अगदी कोरड्या होऊ दे, असं तो सांगतो. त्यातल्या 'अगदी'ला कारण आहे. ओल राहिली तर ती मधात जाते आणि मध पातळ होतो. मी जुन्या धोतराच्या पंच्यावर रात्रभर पसरून ठेवते. मधाचं माप तो देत नाही, साली बुडतील इतका म्हणतो. सुंठेचं माप देत नाही. संत्री किती घ्यायची तेही सांगत नाही. आकडे फक्त तीन: पाच भाग, नऊ दिवस, एक महिना. बाकी सगळी मापं एका जिनसेची दुसऱ्या जिनसेशी आहेत, आणि म्हणून दोन संत्र्यांची करा की दोनशे, कृती कुठे बदलावी लागत नाही.

मग येतो तो थेंब.

पावणेदोनशे शब्दांच्या आतल्या या मजकुरात पन्नासेक शब्द, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा, एकट्या या थेंबाला दिला आहे. नऊ दिवस एका ओळीत गेले. महिना तर चार-पाच शब्दांत जाणार आहे. आणि ज्या गोष्टीला दोन क्षण लागतात तिच्यापाशी लेखक थांबतो, पाण्याची वाटी घ्यायला लावतो, थेंब सोडायला लावतो, आणि निकाल दोनदा सांगतो: असं झालं तर नाही, आणि असं झालं तर होय. एकदा सांगूनही भागलं असतं. थेंब राहिला तर झालं, एवढं पुरे होतं. त्याने आधी 'नाही'ची खूण दिली आहे, कारण शिकणाऱ्याला पहिल्या थेंबाला तीच दिसणार. पसरलेला थेंब पाहून तिने घाबरू नये, बिघडलं असं समजून भांडं उतरवू नये.

मला माझी आजी दिसते. वरूडला संक्रांतीच्या आदल्या दिवशी तिळाच्या लाडवांसाठी गुळाचा पाक चुलीवर असायचा. शेजारी पितळी वाटीत गार पाणी. मी नऊ-दहा वर्षांची, भिंतीवरच्या घड्याळात किती मिनिटं झाली ते मोजणारी. "घड्याळाकडं कायले पायतं वं? थेंबाकडं पाय," आजी म्हणायची. पळीच्या टोकावरून थेंब पडायचा, वाटीच्या तळाशी धुरासारखा पसरायचा. "नाई झाला अजून." पुन्हा थोड्या वेळाने. मग एक थेंब पडायचा तो तळाशी जाऊन मण्यासारखा बसायचा. आजी त्याला तर्जनीने हलवायची, दोन बोटांत घेऊन वळायची, आणि माझ्या तळहातावर ठेवायची. ऊन लागायचा, मऊ, आणि बोटाने दाबला की चपटा व्हायचा. आज थर्मामीटर लावला तर साखरेचा पाक अशी मऊ गोळी ११२ ते ११६ अंश सेल्सिअसच्या आसपास धरतो. आजीला आणि पॅरिसच्या त्या माणसाला अंश माहीत नव्हते, आणि त्यांना ते लागलेही नाहीत.

फरक एवढाच, की आजी शेजारी बसली होती. जो शेजारी असतो त्याला थेंबाचं वर्णन करावं लागत नाही. "झाला, उतरव" म्हटलं की झालं. म्हणून आजीने आयुष्यात एकही कृती लिहिली नाही आणि तिच्या मोरावळ्याचा पाक किती घट्ट असायचा ते आज आमच्या घरात कुणाला सांगता येत नाही. 'मेनाजिए'चा लेखक ते दोन शब्द म्हणायला तिथे नसणार होता. पुढच्या वर्षी असेलही, त्याच्या पुढच्या वर्षी कदाचित नाही. त्यामुळे जिथे त्याच्या डोळ्यांनी काम केलं असतं नेमक्या तिथेच मजकूर लांबला आहे. भिजवताना तो नसला तरी चालेल, दिवस मोजता येतात. थर लावताना नसला तरी चालेल. पण पाक झाला की नाही हे दरवेळी नव्याने बघावं लागतं, बघणारा हवा. आणि तो त्या पंधरा वर्षांच्या मुलीला बघणारी करून ठेवतो. या पुस्तकातलं प्रेम मला प्रस्तावनेतल्या गोड संबोधनांपेक्षा या पाण्याच्या वाटीत जास्त दिसतं.

कुणी म्हणेल, ही कृती त्याची स्वतःची कशावरून? खरं आहे. पुस्तकातल्या पुष्कळ कृती त्याने त्या काळच्या पाकपुस्तकांतून उतरवून घेतल्या आहेत, आणि तो स्वतः चुलीपाशी उभा राहत असेल असंही वाटत नाही. घरात कारभारी जां होता, देखरेखीला आग्नेस नावाची धर्मशील बाई होती. पण तो डोळे मिटून उतरवणारा नव्हता. एका भरलेल्या कोंबडीच्या कृतीपाशी तो सरळ लिहितो की यात फार खटाटोप आहे, हे नागरिकाच्या घरच्या स्वयंपाक्याचं काम नव्हे, आणि ती सोडून देतो. म्हणजे जे ठेवलं ते तिला जमेल हे पाहून ठेवलं. आपल्याकडे लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र' १९१० मध्ये आलं, कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' १९७० मध्ये. नव्याने संसाराला लागलेल्या मुलींना हाताशी धरणारी ही पुस्तकं स्वतः रांधणाऱ्या बायकांनी लिहिली. त्यांच्यात जो अधिकार आहे तो या फ्रेंच माणसाकडे नाही. त्याच्याकडे काळजी आहे, आणि थेंबाच्या त्या ओळींमध्ये तिने अधिकाराची जागा भरून काढली आहे.

थेंबाला एवढं महत्त्व का, याचं उत्तर पुढच्या पायरीत मिळतं. साली मधातून बाहेर काढायच्या आहेत. महिनाभर त्या मधात बुडून राहणार नाहीत, अंगाला जेवढा मध चिकटला तेवढाच त्यांच्यासोबत असणार. मध पातळ राहिला तर निथळून तळाशी जाईल, वरच्या साली उघड्या पडतील, बुरशी धरेल. गोळीबंद झाला तर प्रत्येक सालीला धरून राहील. मध आधीच साखरेने भरलेला असतो, वर तो आटवलेला. सालीतलं उरलंसुरलं पाणी तो ओढून घेतो आणि त्याची साखर सालीत शिरते. हे घाईने होत नाही. साली एकदम घट्ट पाकात टाकल्या तर पाणी बाहेर धावतं, साखर आत पोचत नाही, आणि साल आक्रसून चामड्यासारखी होते. मंद आच त्यासाठी आहे. भांड्यात उरलेल्या मधाचं काय करायचं हे तो सांगत नाही. मी तो वेगळ्या बाटलीत भरते. गरम पोळीवर तूप आणि हा मध, याला तोड नाही.

सुंठ दूरची, तरी आपली. लेखकाने पुस्तकात आल्याचे दोन प्रकार ओळखायला शिकवले आहेत: एक मक्केचं, गडद सालीचं, कापायला मऊ, आतून पांढरं आणि महाग, दुसरं 'कोलंबिन', म्हणजे कोल्लमचं. केरळच्या किनाऱ्यावरून निघालेलं आलं अरबांच्या, व्हेनिसच्या व्यापाऱ्यांच्या हातून पॅरिसमध्ये पोचत होतं. नारंग हा शब्द फारसी आणि अरबीतून फिरत 'ओरांज' झाला, शृंगवेर 'जांजांब्र' झालं. मधाचा शब्द तेवढा त्यांचा. पावणेदोनशे शब्दांच्या कृतीतल्या तीन जिनसांपैकी दोघींची नावं आपल्या बाजूने गेलेली आहेत, आणि तरी सालींचा हा मुरंबा आपल्या घरात नाही. वरूडला आम्ही संत्र्याच्या साली गच्चीवर वाळवायचो, कुटून दिवाळीच्या उटण्यात घालायचो. अंगाला लावलं, खाल्लं नाही. कडू म्हणून.

थर लावण्याचं वर्णन करताना तो एक थर सांगतो, दुसरा सांगतो, मग वगैरे म्हणतो, आणि एकदम लॅटिनमध्ये जाऊन असंच अनंतापर्यंत असं काहीसं लिहितो. लग्नाच्या करारात, देवळाच्या प्रार्थनेत शोभणारी भाषा बरणीतल्या सालींना. मला तिथे त्याचा हात हलका झालेला जाणवतो. थेंबाची परीक्षा पार पडली आहे, आता चुकण्यासारखं काही राहिलेलं नाही, आणि त्याला जरा खेळावंसं वाटलं आहे.

यानंतरच्या महिन्याबद्दल तो काही बोलत नाही. किती दिवसांनी हलवायचं, कुठे ठेवायचं, झाकण कसलं, काही नाही. मराठीत या गप्प महिन्याला शब्द आहे: मुरणं. लोणचं मुरतं, मोरावळा मुरतो, पाणी जमिनीत मुरतं, माणूस एखाद्या कामात मुरतो. फ्रेंच मजकुरात फक्त राहू देणं आहे. पण त्यापुढे दोन शब्द आहेत, 'किंवा जास्त', आणि ते वाचताना मी दर वेळी थांबते. नऊ दिवस अधिक महिना, किंवा जास्त. तिच्यासाठी हे काहीच नाही, ती पंधरा वर्षांची आहे. त्याच्यासाठी प्रत्येक बरणी हा हिशेब होता, उघडायला आपण असू की नाही याचा. तरी त्याने घाई शिकवली नाही. तीनदा उकळून संध्याकाळपर्यंत खाता येईल अशी वाट त्यालाही सापडली असती.

आणि शेवटचं क्रियापद. मग खायचं. वाढायचं नाही, पाहुण्यांपुढे ठेवायचं नाही, धन्याला द्यायचं नाही. आज्ञाधारकपणाचे इतके धडे देणाऱ्या पुस्तकात या कृतीचा शेवट खाण्यावर होतो, आणि खाणारी ती आहे.

माझ्या तिसऱ्या खेपेची साल मी चौतिसाव्या दिवशी खाल्ली. आधी सुंठेचा चटका, मग मध, मग दाताखाली साल तुटताना संत्र्याचा तो तेलकट, तीव्र वास नाकात चढतो, आणि सगळ्यात शेवटी, जिभेच्या मागच्या बाजूला, पुसट कडू. नऊ दिवसांनी सगळं नेलेलं नसतं. ते नेलं असतं तर ही नुसती मिठाई झाली असती.

आंबिया बहाराची संत्री बाजारात येतील तेव्हा एक डझन घ्या, खा, आणि साली टाकू नका. पाणी रोज बदला. ऊन असेल तर दोनदा. मध आटवायला बसाल तेव्हा शेजारी घरातलं एखादं पोर बसवा आणि वाटीत थेंब त्यालाच टाकू द्या. माझ्या फडताळातल्या बरणीला आज एकोणीस दिवस झाले आहेत.